हलत्या चित्राचा कॅमेरा व संकलन : शिक्षकांसाठी काही मूलतत्त्वे

चलच्चित्र म्हणजे स्थिर चित्रांची माळ होय. पडद्यावर धावणारा घोडा प्रत्यक्षात धावत नसतो. चित्रपटात दर सेकंदास २४ स्थिर चित्रे एकामागून एक डोळ्यांपुढून जातात, आणि त्यांतील लहान लहान फरक जोडून मेंदू त्यांस गती समजतो. मूकपटाच्या काळी हा वेग कमी, म्हणजे सेकंदास सुमारे १६ चित्रांचा असे, व तोही कॅमेऱ्याचा दांडा फिरविणाऱ्याच्या हातावर अवलंबून असे. आज शिक्षकाच्या खिशातील मोबाइल सेकंदास ३० चित्रे सहज घेतो. साधन सुलभ झाले, परंतु ते वापरण्याची विद्या खोक्यातून साधनाबरोबर येत नाही. स्नेहसंमेलनाचे किंवा प्रभातफेरीचे चित्रण पाहताना बघणाऱ्याचे डोके गरगरते, कोण कोठून आले व कोठे गेले याचा बोध होत नाही. हा दोष यंत्राचा क्वचितच असतो. कॅमेरा केव्हा हलवावा, केव्हा हलवू नये आणि घेतलेले तुकडे कोणत्या क्रमाने जोडावे, या तीन गोष्टींचा विचार न केल्याने तो उद्भवतो.

आरंभी कॅमेरा मुळीच हलत नसे. ल्यूमिएर बंधूंनी पॅरिस येथे २८ डिसेंबर १८९५ रोजी आणि त्यांच्या प्रतिनिधीने मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी जे खेळ दाखविले, त्यांतील प्रत्येक दृश्य मिनिटाहून कमी लांबीचे व एकाच जागेवरून टिपलेले होते. नाटकगृहात एका खुर्चीवर बसलेला प्रेक्षक जे पाहील तेवढेच कॅमेरा पाही. त्याच १८९६ साली ल्यूमिएरांचा एक चित्रणकार अलेक्झांद्र प्रोमिओ व्हेनिस शहरी गेला असता त्याने कॅमेरा गोंडोला नावाच्या होडीत ठेवला. कॅमेरा आपल्या तिपाईवर स्थिर होता. होडी चालली आणि काठावरील वाडे पडद्यावरून सरकू लागले. पुढे १९१४ च्या ‘काबिरिया’ या इटालियन चित्रपटात जोव्हान्नी पास्त्रोने याने कॅमेरा चाकांच्या गाड्यावर बसवून तो भव्य देखाव्यातून हळूहळू पुढे नेला. खुर्चीवरचा प्रेक्षक अशा रीतीने उठून चालू लागला.

कॅमेऱ्याच्या हालचाली समजण्यापूर्वी चौकट समजली पाहिजे. त्यासाठी एक जुना पुठ्ठा पुरेसा आहे. त्यात १६ सेंटीमीटर रुंद व ९ सेंटीमीटर उंच अशी खिडकी कापावी. हे प्रमाण आडव्या धरलेल्या मोबाइलच्या चित्राचेच आहे. ही खिडकी डोळ्याजवळ धरली की सारे पटांगण दिसते. तीच हात लांब करून धरली की ध्वजस्तंभाजवळ उभा असलेला एकच मुलगा दिसतो. दूरदृश्यात स्थळ कळते, मध्यम अंतरावरून कृती कळते, आणि समीपदृश्यात, ज्यास सर्वत्र क्लोजअप म्हणतात, चेहऱ्यावरील भाव किंवा हातातील बारीक काम कळते. मुलांना हा पुठ्ठा देऊन अर्धा तास गावात हिंडविले, तर निरीक्षणाचा एक उत्तम पाठ होतो. चौकटीत काय घ्यावे यापेक्षा काय वगळावे, हा प्रश्न त्यांस प्रथमच पडतो.

आता हालचाली. कॅमेरा एका जागी ठेवून डावीकडून उजवीकडे किंवा उलट वळविणे यास पॅन म्हणतात. वर किंवा खाली वळविणे म्हणजे टिल्ट. कॅमेऱ्याने स्वतः जागा सोडून पुढेमागे अथवा बाजूने सरकणे यास ट्रॉली असे म्हणतात, मग खाली रूळ व चाके असोत, बैलगाडी असो, की चित्रण करणाऱ्याचे पाय असोत. कॅमेरा उंच उचलणारी क्रेन ग्रामशाळेच्या कामाची नाही.

पॅन व टिल्ट यांतच नवशिक्याच्या बहुतेक चुका होतात. झाडाला पाणी घालणारा नळीचे तोंड जसे इकडून तिकडे फिरवितो तसा कॅमेरा फिरविला जातो. डोळा असे पाहत नाही. डोळा एका वस्तूवर थांबतो, तेथून दुसऱ्या वस्तूवर जातो आणि पुन्हा थांबतो. म्हणून पॅनच्या आरंभी कॅमेरा तीन-चार सेकंद स्थिर असावा व अंतीही तितकाच वेळ स्थिर राहावा. वेग असा ठेवावा की चौकटीच्या एका कडेवरील वस्तूस दुसऱ्या कडेपर्यंत जाण्यास पाच ते सात सेकंद लागावे. तिपाई नसल्यास शरीराचीच तिपाई करावी. शेवटी जेथे थांबावयाचे त्या दिशेस पावले रोवावी, कोपरे छातीस टेकवावी, कमरेतून वळून आरंभाच्या दृश्याकडे तोंड करावे आणि मग शरीर हळूहळू सरळ होऊ द्यावे. याच्या उलट केले, म्हणजे आरंभाकडे पावले रोवून शेवटाकडे पिळले, तर नेमक्या थांबण्याच्या क्षणी हात कापतो.

हालचालीला कारण असावे, हा खरा नियम होय. चालणारा मुलगा चौकटीबाहेर जाऊ लागला तर त्याच्याबरोबर वळणे, हे एक कारण. बोट दाखविणारीची नजर जेथे गेली तेथे जाणे, हे दुसरे. प्रेक्षकास माहीत नसलेली एखादी गोष्ट चौकटीच्या कडेवरून हळूच उघड करणे, हे तिसरे. यांपैकी एकही नसेल तर कॅमेरा स्थिर ठेवावा. स्थिर चित्राने आजवर कोणाचे नुकसान केलेले नाही.

सत्यजित राय यांच्या १९५५ च्या ‘पथेर पांचाली’ या बंगाली चित्रपटातील एक प्रसंग या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. खांद्यावर कावड घेतलेला मिठाईवाला गावातून चालला आहे. अपू व दुर्गा या भावंडांकडे पैसे नाहीत, तरी ती त्याच्या मागे निघतात आणि त्यांच्या मागे एक कुत्रा. ही सारी रांग तळ्याच्या पाण्यात उलटी प्रतिबिंबित झालेली दिसते. चित्रणकार सुब्रत मित्र यांचा कॅमेरा येथे रांगेबरोबर सरकतो, स्वतःच्या हौसेने नव्हे. मुलांचे दारिद्र्य, मिठाईची ओढ व बालपणाची मौज यांविषयी एक शब्दही न उच्चारता सारे कळते. या प्रसंगातील कुत्रा काही केल्या मागे येईना. तेव्हा दुर्गेचे काम करणाऱ्या मुलीने मिठाईचा तुकडा पाठीमागे धरून त्याला चालविले, असे राय यांनीच लिहून ठेवले आहे.

झूम ही मात्र कॅमेऱ्याची हालचाल नव्हे, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. झूममध्ये कॅमेरा जागीच असतो व भिंगाची योजना, किंवा मोबाइलमधील गणित, दृश्य मोठे करते. एक मुलगा कॅमेऱ्यापासून ८ पावलांवर उभा आहे व त्याच्या मागे ८० पावलांवर वड आहे, असे समजावे. कॅमेरा घेऊन ४ पावले पुढे गेल्यास मुलाचे अंतर निम्मे होते, म्हणून मुलगा दुप्पट मोठा दिसतो. वडाचे अंतर ८० वरून ७६ होते, म्हणून वड जवळजवळ तेवढाच राहतो. झूम करून मुलगा दुप्पट केला तर वडही दुप्पट होतो, आणि तो मुलाच्या पाठीस चिकटल्यासारखा भासतो. पहिल्या रीतीत प्रेक्षक मुलाजवळ गेला असे वाटते, दुसरीत मुलाचे चित्र ओढून जवळ आणल्यासारखे वाटते. शिवाय मोबाइलवर झूम वाढविला की हाताचा कंपही तितक्याच पटीने वाढतो. वर्गात चित्रण करणाऱ्याने म्हणून झूम टाळावा व चार पावले चालण्याचा आळस करू नये. वरील उदाहरण पाचवीच्या वर्गात गुणोत्तराचा पाठ म्हणूनही घेता येईल.

कॅमेरा न हलविण्याचेही एक शास्त्र आहे, आणि त्याचा भारतातील एक जुना नमुना महाराष्ट्रातील आहे. त्र्यंबकेश्वर येथे १८७० साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके १९१२ साली लंडनहून कॅमेरा घेऊन परतले. पुरा कथापट काढण्यास भांडवल हवे होते आणि भांडवल देणाऱ्यास विश्वास हवा होता. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा त्यासमोर पक्का केला आणि थोडी थोडी फिल्म पुढे सरकवीत रोज त्याचे चित्र घेतले. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर क्षणांत घडली. बी फुटले, कोंब वर आला, पाने उलगडली. ‘अंकुराची वाढ’ या लहानशा चित्रपटानंतर ‘राजा हरिश्चंद्र’चे काम सुरू झाले व ३ मे १९१३ रोजी तो मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांपुढे आला. त्या काळी कोऱ्या फिल्मच्या कडांना भोकेही घरीच पाडावी लागत आणि अंधाऱ्या खोलीत बसून हे काम सरस्वतीबाई फाळके करीत, हे सहसा सांगितले जात नाही.

हा प्रयोग आज कोणत्याही शाळेत करता येतो. मटकी किंवा वाल ओल्या कापसावर ठेवावे, मोबाइल दोन विटांच्या बेचक्यात बसवावा आणि शाळा भरलेली असताना दर तासाला एक, असे दिवसातून ६ फोटो घ्यावे. १२ दिवसांत ७२ फोटो होतात. सेकंदास २४ या वेगाने ते ३ सेकंदांत संपतात. तीन सेकंद मुलांना फारच थोडे वाटतात, आणि मग ‘वेग १२ ठेवला तर?’ हा प्रश्न तीच विचारतात. विटा हलता कामा नयेत, आणि मोबाइल रोज काढून पुन्हा ठेवावा लागत असेल तर त्याच्या कडांभोवती खडूने खूण करावी. प्रकाश सारखा असावा. खिडकीतील ऊन येत-जात राहिले तर चित्र लुकलुकते. अनेक मोबाइलांत हे काम आपोआप करणारी टाइमलॅप्स नावाची सोय असते, पण मुलांनी ७२ फोटो स्वतः मोजण्यात जे शिक्षण आहे ते तिच्यात नाही.

संकलन म्हणजे केवळ नको असलेला भाग कापून टाकणे, ही समजूत सर्वत्र आढळते. ती अपुरी आहे. दोन तुकडे शेजारी ठेवले की दोहोंत नसलेला तिसरा अर्थ उत्पन्न होतो, आणि तो उत्पन्न करणे हे संकलकाचे मुख्य काम आहे. मराठी श्रोत्यास ही कला कीर्तनातून पूर्वापार परिचित आहे. कीर्तनकार ‘इकडे अशोकवनात सीता’ असे म्हणून थांबतो व ‘तिकडे समुद्रतीरी वानरसेना’ अशी कथा उचलतो. एका क्षणात शेकडो कोस ओलांडले जातात व कोणी श्रोता त्यास अडवीत नाही. अमेरिकेत डी. डब्ल्यू. ग्रिफिथ याने १९०९ च्या ‘द लोन्ली व्हिला’ या लघुपटात हीच रीत वापरली. घरात अडकलेली आई व मुली, दार फोडणारे चोर आणि घराकडे धावणारा पिता, असे तीन तुकडे त्याने आळीपाळीने दाखविले. फाळक्यांच्या १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये तर राम व सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या होत्या. तुकड्यांची जोडणी नसती तर हे कसे साधले असते? त्याच वर्षी फाळक्यांनी ‘चित्रपट कसे तयार करतात’ हा माहितीपट काढला. त्यात स्वतः फाळके काम करताना दिसतात.

तुकडे जुळावयाचे तर काही पथ्ये पाळावी लागतात. त्यांतील सर्वांत महत्त्वाचे पथ्य कबड्डीच्या मैदानावर चटकन समजते. मैदानाच्या एका लांब बाजूस उभे राहून चित्रण करताना चढाई करणारा डावीकडून उजवीकडे जाताना दिसतो. चित्रण करणारा मध्येच मैदान ओलांडून समोरच्या लांब बाजूस गेला, तर तोच गडी त्याच दिशेस धावत असूनही पडद्यावर उजवीकडून डावीकडे जातो. प्रत्यक्ष हजर असलेल्या माणसास घोटाळा होत नाही, कारण आपण जागा बदलली हे त्यास ठाऊक असते. पडद्यापुढील माणसास मात्र चढाई करणारा भिऊन परत फिरला असेच वाटते. म्हणून दोन संघांना जोडणारी एक रेषा मनाशी कल्पावी व एका खेळाचे सर्व तुकडे तिच्या एकाच बाजूने घ्यावे. बोलणाऱ्या दोन व्यक्तींमध्येही अशीच रेषा असते. ओलांडणे अपरिहार्य असेल तर मध्ये टाळ्या वाजविणाऱ्या मुलांचा किंवा पंचाच्या चेहऱ्याचा एक तुकडा ठेवावा. तेवढ्यात प्रेक्षकाच्या मनातील दिशा पुसली जाते.

दुसरे पथ्य असे की सांधा कृतीत लपवावा. मुलगी रांजणाकडे येते, वाकते आणि तांब्या बुडविते. दुरून घेतलेला तुकडा ती वाकत असतानाच तोडावा व जवळून घेतलेला तुकडा त्याच वाकण्यापासून सुरू करावा. डोळा कृतीमागे जातो व सांधा त्याच्या लक्षात येत नाही. मात्र दोन्ही तुकड्यांत कॅमेऱ्याचे अंतर व कोन स्पष्टपणे निराळे हवे. ते जवळजवळ सारखेच असतील तर चित्राला उचकी लागल्यासारखा झटका बसतो. अर्थात मुलीने दोन्ही वेळा त्याच हाताने तांब्या धरला पाहिजे, आणि पहिल्या वेळी वेणी पुढे असेल तर दुसऱ्या वेळीही ती पुढेच असली पाहिजे.

हे सांभाळणे सोपे नाही. ‘पथेर पांचाली’च्या चित्रणास १९५२ च्या ऑक्टोबरात आरंभ झाला. काश नावाच्या पांढऱ्या तुऱ्यांच्या गवतातून अपू व दुर्गा जातात, त्या प्रसंगाचा काही भाग पहिल्या दिवशी घेतला गेला. पुढील आठवड्यात मंडळी परत येतात तो काय, गुरांनी तुरे खाऊन फस्त केले होते. उरलेले काम पुढील हंगामापर्यंत थांबले. पैशाअभावी चित्रण असे रेंगाळत असताना मिठाईवाल्याचे काम करणारा मनुष्यच वारला. राय यांनी तशाच बांध्याचा दुसरा मनुष्य शोधला व त्याला पाठमोरा दाखविला. एका तुकड्यात मिठाईवाला बांबूच्या बनातून बाहेर येतो, पुढच्या तुकड्यात तो श्रीमंताच्या फाटकात शिरतो. पहिला एक मनुष्य, दुसरा दुसरा. संकलक दुलाल दत्त यांनी ते असे जोडले आहेत की प्रेक्षकास संशयही येत नाही.

याच शक्तीची दुसरी बाजू शिक्षकाने विशेष लक्षात घ्यावयाची आहे. रशियात क्रांतीनंतर कोऱ्या फिल्मची टंचाई होती. मॉस्को येथे लेव्ह कुलेशोव्ह आपल्या विद्यार्थ्यांसह उपलब्ध फिल्मच्या तुकड्यांची निरनिराळी जुळणी करून पाही. त्याने इव्हान मोझ्झूखिन या नटाच्या निर्विकार चेहऱ्याचा एकच तुकडा घेतला व तो तीन ठिकाणी जोडला. एकदा तो सूपच्या भांड्याशेजारी ठेवला, एकदा शवपेटीशेजारी, एकदा खेळणाऱ्या बालिकेशेजारी. त्याचा शिष्य पुदोव्किन लिहितो त्याप्रमाणे प्रेक्षकांनी नटाच्या अभिनयाची वाखाणणी केली. त्यांना त्याच चेहऱ्यात भूक, शोक व वात्सल्य दिसले. प्रयोगाच्या तपशिलाची वर्णने निरनिराळी आहेत व मूळ फिल्म उरलेली नाही, परंतु त्यातील तत्त्व कोणत्याही वर्गात पडताळता येते.

त्यासाठी चार कार्डे करावी. एकावर साधा, भाव नसलेला मुलाचा चेहरा काढावा. उरलेल्या तिघांवर भाकरीचे ताट, तुटलेली पाटी व नवे वासरू. चेहऱ्याचे कार्ड आळीपाळीने प्रत्येकाच्या शेजारी ठेवून मुलाला काय वाटते, असे विचारावे. मुले तीन निराळी उत्तरे देतात. मग चेहरा एकच होता, हे त्यांस दाखवावे. चित्रे क्रमाने लावून गोष्ट सांगणे हा प्राथमिक वर्गातील जुनाच पाठ आहे. येथे क्रम बदलला की गोष्ट बदलते, एवढेच त्यात वाढते. दांडा घेतलेला मनुष्य, पळणारा कुत्रा व रडणारे मूल ही तीन कार्डे दोन क्रमांनी लावावी. एका क्रमात तो मनुष्य मुलाचे रक्षण करतो, दुसऱ्यात त्याच्यामुळेच मूल रडते.

आज ग्रामीण भागातील मूल वाचावयास शिकण्यापूर्वी मोबाइलवरील चित्रे पाहू लागते. ‘डोळ्यांनी पाहिले’ हा त्याच्या लेखी, आणि पुष्कळदा त्याच्या पालकांच्या लेखी, अंतिम पुरावा असतो. दहा सेकंदांच्या तुकड्याने गावात भांडण लागू शकते, आणि त्या तुकड्याच्या आधीचे व नंतरचे काय कापले गेले, हे कोणी विचारीत नाही. चार कार्डांचा पाठ घेतलेले मूल निदान तो प्रश्न विचारील. स्वतः शिक्षकावरही हीच जबाबदारी येते. सकाळी कंटाळून जांभई देणाऱ्या मुलीचा चेहरा दुपारच्या पाहुण्यांच्या भाषणाशेजारी जोडला, तर चित्रात खोटे असे काहीच नसते. तरीही ती मुलगी साऱ्या गावात उद्धट ठरते. मुलांचे चित्रण पालकांच्या संमतीनेच करावे व गटांवर पाठविण्यापूर्वी अशा दृष्टीने एकवार पाहून घ्यावे.

जोडणीच्या वेळी उपयोगी पडणाऱ्या आणखी थोड्या गोष्टी. प्रत्येक तुकडा घेताना कृतीच्या आधी व नंतर काही सेकंद अधिक घ्यावे. सांधण्यास जागा उरते. दूरदृश्यात पाहण्यास पुष्कळ असते म्हणून ते पडद्यावर अधिक वेळ राहावे, समीपदृश्य लवकर वाचून होते. दृश्य हळूहळू दुसऱ्यात विरघळविणे, पाने उलटल्यासारखी फिरविणे अशा ज्या चमत्कृती मोबाइलमध्ये मिळतात, त्यांतील बहुतेक टाळणे बरे; काळ गेला हे दाखवावयाचे असेल तेथे मात्र विरघळणे शोभते.

ध्वनीकडे सर्वांचे दुर्लक्ष होते. प्रेक्षक हलणारे चित्र सहन करतो, पण न ऐकू येणारे बोलणे सहन करीत नाही. कविता म्हणणाऱ्या मुलीचे चित्रण करताना तिची संपूर्ण कविता प्रथम एकदा जवळून, पंखा बंद करून, न थांबता घ्यावी. मग श्रोत्यांचे चेहरे, तिचे हात, भिंतीवरील तक्ते असे सुटे तुकडे घ्यावे, आणि जोडताना ध्वनी त्या पहिल्याच तुकड्याचा अखंड ठेवून चित्र तेवढे बदलावे. पंखा बंद करण्यापूर्वी मुलांना तसे सांगावे, नाहीतर उन्हाळ्यात दुसऱ्याच कडव्याला वर्गात कुजबुज सुरू होते व तीही ध्वनीत उतरते.